एकपासून सहापर्यंत आणि परत

२७९९४६८१ ला ४४१ ने गुणावे. उत्तर येते १२३४५६५४३२१. म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस. नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्य यांच्या ‘गणितसारसंग्रहा’तील हा गुणाकार आहे. एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या, असे तिचे वर्णन त्या ग्रंथात आहे. ग्रंथारंभी ज्याची स्तुती आहे, त्या राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या घराण्याची सत्ता विदर्भावरही होती. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह सोलापूरहून १९६३ साली प्रसिद्ध झाला.

 ही संख्या सहा एकांच्या ११११११ चा, अर्थात एक लक्ष अकरा हजार एकशे अकरा या संख्येचा वर्ग होय. पाटीवर गुणाकार मांडला, तर एकांच्या सहा ओळी दर वेळी एक घर डावीकडे सरकतात. उभ्या बेरजा एक, दोन, तीन अशा सहापर्यंत चढतात व तशाच उतरतात. कोठेही हातचा येत नाही. नऊ एकांपर्यंत हा डौल टिकतो, दहाव्याला हातचा येऊन मोडतो. अवयव पाडले असता ३, ७, ११, १३ आणि ३७ यांचे वर्ग मिळतात.

यातील तीनाचा वर्ग नऊ आणि अकरा हे दोन अवयव व्यापाऱ्याच्या कामाचे आहेत. भंडारा, तुमसर, पवनी येथे धानाच्या हिशेबात मोठी रक्कम खतावताना शेजारचे दोन अंक सहज उलटे पडतात. समजा, ही संख्या १२३४५६४५३२१ अशी उतरली. फरक नऊ हजारांचा. परंतु अंकांची बेरीज पूर्वीप्रमाणे ३६ च. नवांचा ताळा गप्प राहतो! अकरांच्या ताळ्यात एकाआड एक अंक मिळवीत व वजा करीत जावे. मूळ संख्येत शून्य येते, चुकीच्या नोंदीत उणे दोन. चूक तेथेच सापडते. मेळ न बसणारा फरक नवाने निःशेष भागला गेला, तर उलटे पडलेले अंक आधी शोधावेत, हा जमाखर्चातील जुना प्रघात याच गुणावर उभा आहे. (संपूर्ण संख्याच उलटी लिहिली, तर मात्र काहीच बिघडत नाही, दोन्हीकडून ती तीच.)

अकरांचा ताळाही सर्वसाक्षी नाही. पहिला एक आणि तिसरा तीन यांची अदलाबदल होऊन ३२१४५६५४३२१ असे लिहिले गेले, तर दोन्ही ताळे बिनचूक जुळतात आणि रक्कम जवळजवळ वीस अब्जांनी फुगते. अशा वेळी मूळ पावतीच काढून पाहावी लागते.