नवा कॉम्प्युटर घेताय? आधी डिस्कचं विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही. त्यामुळे कितीतरी घरांत आणि दुकानांत नवा कॉम्प्युटर घ्यायचं चाललं आहे. दुकानात गेल्यावर आपण प्रोसेसर विचारतो, रॅम विचारतो, स्क्रीन केवढी ते बघतो. डिस्कबद्दल मात्र ‘किती जीबी?’ एवढंच.

माझी कळकळीची विनंती आहे, हा क्रम उलटा करा. स्क्रीन फुटली तर पैसे मोजून दुसरी बसवता येते. लेकीच्या बारशाचे फोटो, दुकानाचे टॅलीतले हिशेब, सात-बाराचे स्कॅन डिस्कबरोबर गेले तर ते कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत.

पहिला प्रश्न विचारा: डिस्क कोणत्या प्रकारची आहे? हार्ड डिस्कमध्ये थाळ्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. चालू लॅपटॉपला धक्का बसला की घात होऊ शकतो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो आणि ती कितीतरी वेगवानही असते. म्हणून रोजच्या कामाची मुख्य डिस्क एसएसडीच घ्या. सर्वांत स्वस्त लॅपटॉपमध्ये तिसरा प्रकार असतो, ईएमएमसी. ती बहुधा ६४ किंवा १२८ जीबीची, हळू आणि मदरबोर्डवर कायमची सोल्डर केलेली असते. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे. मग तुमच्या फाइलींना जागा कुठे उरणार?

दुसरा प्रश्न: डिस्क काढता येते का? मदरबोर्ड जळला तरी स्लॉटमधली एसएसडी बाहेर काढून, छोट्या केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता येण्याची शक्यता राहते. बोर्डावरच बसवलेली असेल, तर तो मार्ग जवळपास बंद. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर मॉडेलचा पूर्ण नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर बघून मगच पैसे द्या.

तिसरा प्रश्न: डिस्क कोणाची, किती आणि वॉरंटी काय? साधारण घराला ५१२ जीबी पुरते. विंडोजमध्ये ती ४७६ दिसेल. त्यात फसवणूक नाही, कंपनी आणि विंडोज यांची मोजायची पद्धत वेगळी आहे. ‘एसएसडी लवकर झिजते’ या भीतीने अडू नका. ५०० जीबीच्या चांगल्या डिस्कवर ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी असू शकते. रोज २० जीबी लिहिलं तरी ती मर्यादा गाठायला चाळीस वर्षं लागतील. मात्र काही शे रुपयांत मिळणाऱ्या ‘२ टीबी’च्या डिस्कला हात लावू नका. खोटी क्षमता दाखवून आत फार थोडी जागा असते आणि ती भरली की पुढच्या फाइली खराब होतात. नवं यंत्र सुरू केलं की क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून डिस्क किती तास वापरली गेली ते बघा. नव्या यंत्रावर शेकडो तास दिसले, तर लगेच जाब विचारा.

एवढं करूनही एक गोष्ट पक्की समजा: कुठलीही डिस्क अमर नसते. हार्ड डिस्क कधी कधी आधी कटकट आवाज करून सांगते. एसएसडी मात्र अनेकदा काही न सांगता एका क्षणात बंद पडते. वळवाच्या पावसात विजेचा दाब एकदम वाढून यंत्र जळणं आपल्याकडे नवं नाही. म्हणून त्याच खरेदीत बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. नुसत्या साठवणीसाठी तीच स्वस्त पडते. दर आठवड्याला जोडा, कॉपी करा आणि काढून ठेवा. सतत जोडलेली राहिली, तर फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस तिलाही गाठतो. अगदी मोलाच्या फाइलींची तिसरी प्रत घराबाहेर असू द्या, नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. फक्त आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरवर विसंबू नका. तिथे एका जागी फाइल पुसली की दुसरीकडूनही जाते.

आणखी एक काळजी घ्या. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या यंत्रांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद होते आणि ती उघडायची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते. ते खातं दुकानदाराच्या ईमेलवर उघडू देऊ नका. स्वतःच्या नावाने उघडा आणि ती की कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवा.

बजेट अपुरं पडत असेल, तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण दुसरी डिस्क टाळू नका. आणि जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी सगळं नव्यावर आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवा. दोन्हीकडच्या चार-पाच फाइली उघडून बघा. त्या नीट उघडल्या, तरच जुनं यंत्र हातावेगळं करा.