मुरूम नंतर मागा, आधी पाणंद मोजून घ्या



परवाच्या पावसात आमच्या पाणंदीत ट्रॅक्टर रुतला. खताची पोती शेवटी डोक्यावरून न्यावी लागली. पारावर लगेच ठरलं, साहेबांकडं अर्ज द्यायचा. पण कुठल्या साहेबांकडं? आपलं घोडं इथंच अडतं.

राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे दगडावर ‘प्रजिमा’ लिहिलेला, हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेकडं. या रस्त्यांना क्रमांक असतो, लांबी नोंदलेली असते, म्हणून दुरुस्तीला पैसा मागता येतो. आपली पाणंद (विदर्भात पांदण म्हणतात) बहुतेक वेळा यातल्या कशातच बसत नाही. ती असते महसुलाच्या गावनकाशात. दुबार तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग.

खरी गोम पुढं आहे. तुटक रेघेचा रस्ता ज्याच्या गटातून जातो, त्याच्याच क्षेत्रात धरलेला असतो. त्यामुळं त्याला वाटतं, जागा माझी, मी नांगरणार. जागा त्याची खरी, पण वहिवाट सगळ्यांची. दरसाल नांगराचं एकेक तास आत सरकतं आणि बैलगाडीच्या रस्त्याची पायवाट होते.

दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? उन्हाळ्यात मोजणी झाली तेव्हा माझाही बांध चार फूट आत निघाला. उसाची एक सरी गेली. जीव तुटला, खोटं कशाला बोलू. पण सोडली. वरच्या दोघांनी नाही सोडली. ट्रॅक्टर रुतला तो तिथंच, कारण त्या अरुंद जागेत पाण्याला चरही काढता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हद्द ठरल्याशिवाय मुरूम मागू नका. अरुंद पाणंदीत टाकलेला मुरूम एका पावसात चिखलात जातो. आधी भूमी अभिलेखकडून गावनकाशाची नक्कल काढा, मोजणी करून दगड रोवा. मे 2025 च्या शासन निर्णयात शेतरस्ता 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्कात’ घ्यावी असं आहे. ती नोंद करून घ्या. तोंडी कबुली पुढच्या पिढीला चालत नाही.

अर्ज देतानाही कलम बघा. चालू रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडं जायचं, ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणत बसलात तर मुदत जाते. शेताला रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143, बांधावरून वाट मागायची. दोन्ही अर्जांची गल्लत केली की तारखा वाढतात.

हद्द मोकळी झाली की मग खडीकरण. ग्रामसभेत ठराव घालून मागा.

सरकारनं रस्ता द्यावा हे खरंच. पण जो रस्ता आपणच नांगरून खाल्ला, तो आधी आपणच ओकायला पाहिजे. वरच्या दोघांच्या घरी उद्या चहाला जाणार आहे, अर्ज त्यानंतर.