कशाच्या बळावर तगलात?

मानसोपचारासाठी जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली भीती असते ती आपल्यात काय काय बिघडलंय, त्याची यादी निघण्याची. सामर्थ्याधारित उपचारपद्धती या यादीपाशी थांबत नाही. इतकं सोसून तुम्ही आजवर कशाच्या बळावर तगलात, हेही ती विचारते. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातील समाजकार्याचे अध्यापक डेनिस सॅलीबी यांच्या १९९२ च्या ग्रंथाने या विचाराला चांगलं बळ दिलं. सलग दोन वर्षं पीक हातचं गेलं तरी ज्याने मुलीची शाळा सुटू दिली नाही, त्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याकडे चिकाटी आहे, हिशेब आहे, जपलेली नाती आहेत. उपचाराने हे वापरलं नाही, तर निम्मा माणूस दाराबाहेरच राहतो.

हे कोरडं कौतुक आहे, असा आक्षेप घेतला जातो. नुसती पाठ थोपटली तर तो खराच आहे. पण गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधला अभ्यास पाहा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत पुन्हा अर्थपूर्ण कामांकडे वळवलं. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या पातळीखाली आले. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. त्या पद्धतीचं नाव वेगळं, पण माणूस स्वतः काही करू शकतो हा विश्वास तोच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्ज आणि दुष्काळाचं ओझं माणसाच्या मनोबळावर ढकलायचं का? मुळीच नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, म्हणून पीकविम्याची जबाबदारी संपत नाही. तसंच स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषधांना पर्याय म्हणून गुणांची उजळणी करणं धोक्याचं आहे.

म्हणून थेरपिस्ट निवडताना पाटीवर विसंबू नका. औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात, ते वैद्यकीय पदवीधर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? समुपदेशकाला शिक्षण कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली झालं, हे विचारा. सुधारणा कशावरून ओळखायची, औषधं लागली तर कोणाकडे पाठवाल, हेही विचारा. तुम्ही दुःख सांगू लागताच ‘सकारात्मक राहा’ म्हणून विषय संपवणारा माणूस सामर्थ्याधारित उपचार करत नाही, तो ऐकायचं टाळतो. भाषाही पाहा: छत्रपती संभाजीनगरात मराठीबरोबर उर्दू आणि दखनीही घरात बोलली जाते, आणि मनातलं माणूस घरच्याच बोलीत बोलतो.

खासगी फी परवडत नसेल, तर शहरातल्या सरकारी घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवा मिळणं हा तुमचा हक्क ठरवला आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. आत्महत्येचे विचार येत असतील तर चांगला थेरपिस्ट शोधत बसू नका. आत्ता फोन करा.