मनीला रागावू नका!

दोस्तांनो, वर्षानुवर्षं वाळूच्या घमेल्यात जाणारी मनी एकाएकी कोपऱ्यात घाण करू लागली, की आजी म्हणते, "म्हातारपणी हिला खोड्या सुचतायत!" पण मांजराला बोलता येत नाही ना! हीच तिची तक्रार समजा.

१०-११ वर्षांची मांजर म्हणजे म्हातारीच. सांधे दुखतात, घमेल्याचा काठ ओलांडणं जिवावर येतं. मूत्रपिंडं थकली किंवा मधुमेह झाला, तर ती सारखं पाणी पिते आणि घमेल्यापर्यंत पोचायच्या आतच लघवी होते. लघवीला आग होत असेल, तर तिला वाटतं, घमेल्यामुळेच दुखतंय!

मग काय करायचं? बुटक्या काठाचा ट्रे ठेवा, वाळू रोज साफ करा. जालन्याच्या उन्हाळ्यात तिची पाण्याची वाटी रिकामी राहू देऊ नका. फरशी फिनाईलने पुसू नका, ते मांजरांना विषारी. पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नको, जीव जाईल! टोपलीत घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात न्या. बोका नुसताच जोर करतोय, लघवीचा थेंबही येत नाही, असं दिसलं तर लगेच पळा!

इतकी वर्षं तिने तुमच्या घरातले उंदीर धरले. आता तिला सांभाळायची पाळी तुमची!