दमडीचा वाटा

वार्षिक परीक्षा आटोपल्या की पालक आम्हा शिक्षकांना शाळेच्या फाटकापाशी गाठतात. प्रश्न ठरलेला असतो : सुट्टीत मुलांना गुंतवायचे कशात? कोणी सकाळी मकतबात पाठवतो, कोणी मामूच्या गावी, कोणी हातात मोबाइल देऊन मोकळा होतो. या महिन्यात आम्ही वाचकांपुढे आणखी एक वाट ठेवत आहोत. ती आपल्याच शहरातून जाते, खर्च फारसा नाही, आणि सकाळी साडेसहाला निघाले तर ऊन तापायच्या आत घरी परतता येते.

महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या शहरांत इतिहासप्रेमींची लहानमोठी मंडळे असतात. निवृत्त शिक्षक, वास्तुविशारद, छायाचित्रकार, कॉलेजची मुले-मुली, नाणी जमवणारा एखादा दुकानदार असे लोक त्यांत भेटतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या कार्यक्रमांना बहर येतो. सकाळी वारसा फेरी, संध्याकाळी व्याख्यान, मुलांसाठी चित्रकला, कधी एखाद्या बारवेची साफसफाई. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, हे दोन्ही याच दिवसांत येतात. आम्हा नगरकरांना तिसरी तारीखही आहे, २८ मे. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये या दिवशी शहराचा पाया घातला असे मानून इथले इतिहासप्रेमी हा दिवस स्थापनादिन म्हणून पाळतात.

सरकारी दप्तरात आमच्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, मोडकळीला आलेल्या वास्तू पुन्हा उभ्या केल्या. त्यांच्या नावाच्या शहरात जुन्या वास्तू सांभाळण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. पण ही जबाबदारी कोणाची? आमच्या घरांत याचे उत्तर बहुतेक वेळा "सरकारची" असे येते, नाहीतर "त्या इतिहासवाल्यांची". वारसा फेरीला गेले की आपल्या मोहल्ल्यातले चेहरे हाताच्या बोटांवर मोजता येतात. ज्या मशिदीच्या, दर्ग्याच्या, कबरीच्या सावलीत आपण राहतो, तिची माहिती सांगायला दुसऱ्या टोकाच्या वसाहतीतून लोक येतात आणि आपण खिडकीतून पाहत असतो. ही गोष्ट आम्हाला खटकते.

असे का होते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. काही जणांना वाटते, हे शिकलेल्या लोकांचे काम. काही बुजुर्गांना धास्ती असते की इतिहासाचा विषय निघाला की वाद होणार, मुलांनी त्यात पडू नये. ही धास्ती उगाच आलेली नाही. मात्र घरात बसलेल्या मुलालाही इतिहास भेटतोच. तो मोबाइलवर भेटतो, अर्धा आणि रागावलेला. त्यापेक्षा दगडासमोर उभे राहून, माहीतगार माणसाच्या तोंडून ऐकलेला बरा. तिथे निदान "हे कशावरून?" असे विचारता येते.

चांगल्या फेरीची खूण हीच की तिथे असे विचारता येते. नगरच्या पूर्वेला पाथर्डी रस्त्यावर शाह डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरची तीन मजली अष्टकोनी इमारत लांबूनही दिसते. सारा जिल्हा तिला चांदबिबी महाल म्हणतो. प्रत्यक्षात ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबी हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची बेवा. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने वेढा दिला तेव्हा तिने नगरचा किल्ला लढवला. लोकांनी सर्वांत उंच इमारत तिच्या नावे करून टाकली. ही लोकांची माया आहे, इतिहास नव्हे. मुलांना दोन्ही सांगावे आणि दोन्हींतला फरकही सांगावा. फराहबागेचेही तसेच. ती अष्टकोनी इमारत पाण्याच्या मधोमध, घुमटाखालच्या उंच दालनात हवा खेळावी अशी बांधलेली. तिच्यावरूनच ताजमहालाची कल्पना सुचली, असे नगरात हमखास ऐकायला मिळते. ऐकायला छान वाटते, पण फेरीत एखाद्या मुलाने "याला पुरावा काय?" असे विचारले तर आम्ही त्याची पाठ थोपटू. जी गोष्ट आपल्याला आवडते तिच्यावर प्रश्न विचारता आला, तरच नावडत्या गोष्टीवर विचारण्याचा हक्क पोचतो.

शहरात शाह शरीफ यांचा दर्गा आहे. मालोजी भोसल्यांनी इथे नवस केला आणि झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. त्यांतले शहाजी छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील. शरीफजी १६२४ मध्ये, नगरपासून जवळच असलेल्या भातोडीच्या लढाईत, निजामशाहीच्या बाजूने लढताना पडले. मलिक अंबरने जिंकलेली ती लढाई. हबशी सेनापती, मराठा सरदार आणि एका पिराचे नाव लावलेला तरुण हे सारे एकाच मैदानावर, एकाच बाजूला होते. ही गोष्ट ज्या मुलाने भातोडीच्या तलावाकाठी उभे राहून ऐकली, त्याला "आपण आणि ते" अशी इतिहासाची वाटणी कोणी शिकवायला आले तर तो सहज फसणार नाही.

आता किल्ल्याकडे येऊ. आम्ही उर्दू शिकवतो, त्यामुळे मौलाना आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'चा विषय वर्गात निघतोच. चहाचे ते कौतुक, चिमण्यांशी चाललेली ती झटापट मुलांना फार आवडते. आणि यांतली बहुतेक पत्रे नगरच्या भुईकोट किल्ल्यात लिहिली गेली, हे सांगितले की मुले चमकतात : "आपल्या किल्ल्यात?" होय, आपल्याच. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना इथे आणून ठेवले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिले. मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारल्या, तेव्हा मौलाना याच भिंतींआड होते. शेवटची भेट झाली नाही. पत्रे मित्राच्या नावे लिहिलेली, पण तुरुंगातून ती टपालात पडली नाहीत. पुस्तक म्हणून पुढे लोकांच्या हाती आली. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तरी नेत्यांचा कक्ष पाहता येतो. एखादे मंडळ तिथे फेरी नेणार असेल तर ओळखपत्र घेऊन मुलांसह जरूर जावे. पुस्तकातला धडा आणि ती खोली यांच्यात जेमतेम काही किलोमीटरचे अंतर आहे, आणि ते अंतर न कापताच आमची मुले शाळा सोडून जातात.

इथवर आपण काय घ्यावे ते सांगितले. पण आमचा खरा मुद्दा पुढे आहे. या कामात देण्यासारखेही आपल्याकडे पुष्कळ आहे आणि ते दुसऱ्या कोणाकडे नाही.

पहिली गोष्ट लिपीची. जुन्या मशिदी आणि कबरींवरचे शिलालेख बहुतेक अरबी-फारसीत. फेरी नेणारे तळमळीचे असतात, पण अनेकांना ही लिपी येत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका फेरीत सगळे अशाच एका पाटीसमोर थांबले. "इथे फारसीत काही लिहिले आहे," एवढेच सांगून पुढे निघाले होते. आमच्या शाळेतली आठवीतली मुलगी मागे राहिली. तिने बोट न लावता, ओठांनी हिज्जे करत वरच्या ओळीतला कलमा वाचला आणि खालच्या ओळीतले एक नावही. सगळे परत फिरले. कोणी वही काढली, कोणी फोटो घेतला. उरलेला मजकूर तिला लागला नाही. तो जाणकाराकडे पाठवायचे ठरले. पण शाळेत शिकलेल्या अलिफ-बे-पेचा असा उपयोग होतो, हे त्या दिवशी तिला आणि आम्हालाही दिसले.

दुसरी गोष्ट कागदांची. आपल्या घरांतल्या पेट्यांत सनदा असतात, इनामाचे कागद असतात, दादाजानच्या काळातले निकाहनामे असतात, मोडी आणि फारसीतली खतपत्रे असतात. वाळवी लागली की बोहारणीच्या टोपल्यात किंवा चुलीत. त्या कागदांत मोहल्ल्याची जुनी नावे असतात, विहिरीचा हक्क कोणाचा होता ते असते, खापरी नळांच्या नहरी कुठून गेल्या त्याच्या खुणा असतात. निजामशाहीत नगरला कापूरवाडी, शेंडी अशा गावांकडून जमिनीखालच्या नळांतून पाणी येत असे आणि शहरातल्या हौदांत पडत असे. त्या नळांचे तुकडे आजही पायाच्या खोदकामात निघतात आणि राडारोड्याबरोबर फेकले जातात. असा तुकडा निघाला तर जागेवरच फोटो काढून, जागा लिहून मंडळाला कळवावे. कागद कोणाला देऊन टाकायची गरज नाही. घरीच त्यांचे नीट फोटो काढू द्यावेत, एवढे पुरे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, कारण ती आपल्या इबादतगाहांची आहे. एका मोहल्ल्यातल्या जुन्या दगडी मशिदीत लोकांनी मेहनतीने चंदा जमवला आणि खांबांना ऑइल पेंट दिला, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. नियत अगदी नेक होती. दोन पावसाळ्यांनंतर रंगाला फुगे आले आणि त्याखालचा दगड पापुद्र्यांनी सुटू लागला. कारण साधे आहे. जुना दगड आणि चुना ओल शोषतात आणि बाहेर सोडतात. सिमेंट आणि ऑइल पेंट ती वाट बंद करतात. ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगड आतून खचतो. जुने गवंडी चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालून तो मळत. ते काम वेळ खाणारे आहे, पण ते जाणणारे कारागीर अजून मिळतात. म्हणून आमची मुतवल्ली आणि मशीद कमिटीच्या साहेबांना विनंती आहे, रंगाचा डबा उघडण्याआधी मंडळातल्या वास्तुविशारदाला एकदा बोलावून भिंत दाखवा. सल्ला ऐकायचा की नाही, ते तुमच्या हाती आहे. दमडी मशीद, फराहबाग, सलाबतखानाची कबर यांसारख्या केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूंना कायद्याचे कवच आहे. त्यांच्यापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण गल्लीबोळांतल्या बहुतेक वास्तूंना असे कवच नाही. त्या आपल्या समजुतीवरच टिकणार किंवा जाणार.

भगिनींना एक सांगायचे आहे. या फेऱ्या फक्त पुरुषांसाठी नसतात. चार घरच्या बायका-मुली मिळून गेल्या तर संकोचही राहत नाही. आणि घरी बसूनही काम आहे. नानी-दादीजवळ बसून विचारा : पूर्वी पाणी कुठून आणायचात? या गल्लीचे नाव असे का? त्या दर्ग्यात उरुसाला काय शिजायचे? मुलाने ते वहीत लिहावे, खाली सांगणारीचे नाव आणि तारीख घालावी. अशा वहीवर संध्याकाळचे एक व्याख्यान सहज होईल, आणि ते देणारी तुमची मुलगी असेल.

शेवटी दमडी मशिदीचे दोन शब्द. किल्ल्याच्या पूर्वेला थोड्या अंतरावर ही लहानशी मशीद आहे. दगडावरची कोरीव नक्षी इतकी बारीक की लाकडावरची वाटावी. लिहिणारे तिचे श्रेय साहिरखान या निजामशाही सरदाराला आणि साल १५६७ देतात. लोक मात्र सांगतात की किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ती उभी राहिली. सरदाराने बांधवली आणि मजुरांनीही हातभार लावला, असेही झाले असेल. दमडी म्हणजे पैशाचाही बारीकसा अंश. तेवढ्याने भिंतीचा एक दगडही येत नाही, पण नाव मात्र सरदाराचे न लागता दमडीचेच लागले. सुट्टीतली एक सकाळ, पेटीतल्या एका कागदाचा फोटो, दादीजानच्या तोंडची एक आठवण, रंगाचा न उघडलेला एक डबा, एवढाच वाटा आम्ही तुमच्याकडे मागतो आहोत. तुमच्या शहरातले मंडळ कोणते आणि त्याची पुढची फेरी कधी, याची चौकशी या आठवड्यातच करा.