लाह्यांचा स्टाउट

स्टाउट म्हणजे काळी, दाट फेसाची, कॉफीसारखी कडवट बिअर. ती घरी कशी करायची हे नवशिक्याला शिकवणारी कुठलीही रेसिपी काढा, यादी ठरलेली: ब्रिटिश माल्ट, चपटी केलेली बार्ली, भाजलेली बार्ली, इंग्लिश हॉप्स, आयरिश यीस्ट. आपल्याकडचे हौशी लोक ती जशीच्या तशी उतरवून घेतात आणि पार्सल मागवतात. माझ्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात. कोड चालतो, पण का चालतो ते कुणालाच ठाऊक नसतं. मग पहिला बग आला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

माझं म्हणणं साधं आहे. परभणीच्या माणसाने स्टाउटची रेसिपी मांडायची तर आपलं पाणी आणि आपली ज्वारी इथून सुरुवात करावी. यात अस्मिता-बिस्मिता काही नाही, निव्वळ रसायनशास्त्र आहे.

आधी पाणी. काळ्या पाषाणातून येणारं आपलं बोअरचं पाणी बायकार्बोनेटमुळे जड असतं. हंड्याच्या आत धरणारा पांढरा थर तोच. माल्ट गरम पाण्यात मुरत ठेवतात तेव्हा पीएच साधारण ५.२ ते ५.६ लागतो, आणि हे पाणी तो वर ढकलतं. फिकट बिअर त्यात बिघडते. काळं भाजलेलं धान्य मात्र आम्लधर्मी, ते पीएच खाली ओढतं. डब्लिनचं पाणीही असंच चुनखडीचं, आणि तिथे काळी बिअर रुजायला ते एक कारण झालं. तरी आपला नवशिका आरओचं पाणी घेऊन पिल्सनरच्या मागे लागतो!

आता ती चपटी बार्ली. ती यादीत कशाला आहे, हे विचारल्याशिवाय तिला पर्याय सापडणार नाही. वाफवून दाबल्यामुळे तिचं स्टार्च आधीच फुललेलं असतं, म्हणून माल्टमधली एन्झाइम्स त्याची साखर करू शकतात. ज्वारीचं स्टार्च साधारण ७० अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे फुलतं. एन्झाइम्सना मात्र ६५-६७ अंश मानवतात, फार तापलं की ती निकामी होतात. ज्वारीची कच्ची भरड तशीच ढकलली तर हाती फक्त खळ येईल. यावरचा तोडगा आपण दर नागपंचमीला खातो. लाही फुटते तेव्हा तिच्यातलं स्टार्च फुललेलंच असतं. लाह्या नसतील तर कण्या शिजवून घ्या. आजीच्या चुलीवर जे चालायचं त्यालाच ब्रुअरीत 'सीरियल मॅश' असं भारदस्त नाव आहे.

एक उणीव आहे. बार्लीतलं बीटा-ग्लुकान स्टाउटला तोंडात भरीव करतं, ज्वारीत ते कमी. त्यासाठी मी मूठभर ओट्स धरलेत. किराणा दुकानात मिळतात.

ज्वारीचा स्टाउट ही थट्टा वाटत असेल तर नायजेरियाकडे बघा. १९८८ मध्ये तिथल्या सरकारने बार्लीची आयात बंद केली आणि गिनेससकट सगळ्यांना ज्वारी-मक्यावर यावं लागलं. आणि 'अस्सल' म्हणजे तरी काय? काळ्या माल्टसाठी डॅनियल व्हीलरचं १८१७ चं भाजण्याचं पिंप लागलं. माल्टवर कर असल्यामुळे कच्ची बार्ली भाजून वापरायला १८८० पर्यंत कायद्याची आडकाठी होती. ज्या यादीला आपण पवित्र मानतो ती तिथल्या कराने आणि यंत्राने घडवलेली आहे.

इथे कुणीतरी २००७ ची आठवण काढणार. तेव्हा महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे अनुदान जाहीर केलं, आणि पावसाने काळी पडलेली ज्वारी कामी येईल असं सांगितलं गेलं. मी त्या योजनेच्या विरोधकांच्या बाजूचा आहे. ऊर्ध्वपातनात दाण्याची ओळखच पुसली जाते, धान्य कुठलंही असलं तरी फरक पडत नाही. अशा गिऱ्हाइकाला फक्त स्वस्त माल हवा असतो. रेसिपी लिहिणारा विचारतो, परभणी मोती आहे की परभणी शक्ती? इथल्या कृषी विद्यापीठाने हे वाण काढले, पण आडतीवर ते नाव विचारतं कोण? (भाजून काळी आणि भिजून काळी यांत गल्लत नको. बुरशीचं विष उकळून जात नाही.)

आता खरी अडचण. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात घरी पाच लिटर बिअर आंबवणं आणि हातभट्टी लावणं, दोन्ही विनापरवाना दारू तयार करणंच. म्हणून ही रेसिपी कागदावर आहे. ब्रिटनने घरच्या बिअरचा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला, अमेरिकेने १९७८ मध्ये मोकळीक दिली. गावातली बाटली आडवी करायला मतदान करणाऱ्या बायांशी माझं भांडण नाही, त्यांनी काय भोगलंय ते मराठवाड्याला सांगायला नको. पण त्यांच्या दुःखाचं नाव पुढे करून आंबवणं आणि गाळणं एकाच कलमात कोंबणाऱ्या कायद्याशी आहे. विक्रीला पूर्ण बंदी ठेवा, वर्षाला लिटरची मर्यादा घाला. आज कोपऱ्यावरच्या दुकानात स्ट्राँग बिअरचे खोके उतरतात, आणि ज्याला धान्य समजून घ्यायचंय तो गुन्हेगार. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत, परवाना त्यांच्याकडे आहे. त्यांनी खुशाल उचलावी.

पाच लिटरसाठी: बार्ली माल्ट ८०० ग्रॅम, ज्वारीच्या लाह्या ३००, ओट्स १००. ६६ अंशांवर तासभर मुरवायचं, कापडातून गाळायचं. मग हॉप्स १५ ग्रॅम घालून तासभर उकळी. हॉप्स परभणीत होणार नाहीत, तिथे हट्ट नाही. एल यीस्टला १८ ते २० अंश लागतात, म्हणून मुहूर्त पौषातला. राहिली कढईत कॉफीच्या रंगावर भाजलेली ज्वारी. १२० ग्रॅम लिहिलंय, पण पेन्सिलीने. ९० सुद्धा असेल. चाखल्याशिवाय तो आकडा शाईने लिहिता येत नाही.