बाथरूममधली बुरशी : दोष बाईचा की भिंतीचा?



पावसाळा अर्ध्यावर आला की मुंबईत घरोघरी एक काम ठरलेलं असतं. बाथरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात, फरशीच्या सांध्यांत काळपट थर बसतो, भिंत फुगते आणि रंगाचे पोपडे पडतात. मग घरातली बाई पदर खोचून ऍसिडची बाटली घेऊन बसते. आठ-पंधरा दिवसांत ठिपके पुन्हा हजर! वर आलेगेलेले म्हणतात, "जरा स्वच्छता ठेवा की." माझ्या मते हे बोलणं अन्यायाचं आहे. का, ते पाहूया.

आधी थोडं विज्ञान. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, अगदी लखलखीत घरातसुद्धा. शाळेत मुलं पावाचा प्रयोग करतात. ओला तुकडा डब्यात झाकून ठेवला की थोड्याच दिवसांत त्याच्यावर बुरशी येते. कडक वाळवलेला तुकडा मात्र तसाच राहतो. पाव तोच, हवाही तीच. फरक फक्त पाण्याचा! बाथरूममध्ये साबणाचा मळ आणि धूळ हे बुरशीचं खाणं. ते आपण घासून काढू शकतो. पण ओल राहिली तर बुरशी परत येणारच.

मग साफ कसं करायचं? नाकाला मास्क, हातात रबरी मोजे. दम्याचा त्रास असलेलं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांना दुसरीकडे बसवा. कोरडं घासू नका, त्याने बीजाणू घरभर उडतात. आधी भिंत ओली करा, साबणाच्या पाण्याने ब्रश मारा, धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या. हे शेवटचं पुसणंच सगळ्यात महत्त्वाचं. रोज आंघोळी आटोपल्या की फरशीवर वायपर फिरवा.

एक गोष्ट मात्र पाठच करून ठेवा. ऍसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. शिवाय ऍसिडने फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं, तिथून पाणी आत मुरतं आणि खालच्या घराचं छत ओलं होतं. म्हणजे आपण घासतो वर आणि बुरशी उगवते खाली!

आता माहुलचं उदाहरण घेऊ. इथल्या वसाहतीत 72 इमारती आणि सुमारे 17 हजार घरं आहेत, एकेक साधारण 225 चौरस फुटांचं. 2017 पासून तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून हजारो कुटुंबं इथे आणली गेली. भिंतीतून पाणी झिरपतं, पाइप गळतात, या तक्रारी तेव्हापासूनच्या. बुरशीवरचा सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे "खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा." पण शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादानेच डिसेंबर 2015 मध्ये नोंदवलं आहे. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही इथे राहायला कुणावर सक्ती करू नये, असं सांगितलं. आता सांगा, खिडकी उघडली तर उग्र वास आणि बंद ठेवली तर ओल. त्या माऊलीने करायचं काय?

इमारत कशी बांधली याचा आरोग्याशी संबंध असतो, हे गोवंडीतही दिसलं. तिथल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 2018 मध्ये पुढे आला. काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटर अंतर. ऊन आणि वारा न पोचणं आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात दाखवला होता. क्षयरोग बुरशीने होत नाही, हे लक्षात ठेवा. पण जिथे ऊन-वारा नाही, तिथे दोघांचंही फावतं.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे डिसेंबर 2020 मध्ये अवाब नावाचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातल्या बुरशीमुळे त्याच्या श्वसनावर परिणाम झाला होता, असं 2022 मध्ये अधिकृत चौकशीत ठरलं. वडिलांनी वारंवार तक्रार केली होती. त्यांना सांगितलं गेलं, वरून रंग मारा. कुटुंबाच्या राहणीलाच दोष दिला गेला. पुढे त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सामाजिक घरांच्या मालकांना ओल आणि बुरशीच्या गंभीर तक्रारीची 10 कामकाजी दिवसांत तपासणी करावी लागते. आपल्याकडेही अशी मुदत हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तोपर्यंत आपण काय करायचं? मुलांना घेऊन एक सोपा प्रयोग करा. ओल दिसते तिथली भिंत वरून पुसून कोरडी करा. तिथे स्वयंपाकघरातल्या ऍल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवा आणि एक-दोन दिवस राहू द्या. ओलावा फॉइलच्या बाहेरच्या बाजूला आला तर तो घरातल्या हवेतला. तिथे पंखा, वायपर आणि कोरडं फडकं उपयोगी पडतं. भिंतीकडच्या बाजूला आला तर पाणी भिंतीतून येतंय. मग कितीही घासा, ते थांबणार नाही. अशा वेळी तारखेसह फोटो काढा, मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका. गळती थांबण्याआधी रंग मारू नका.

मित्रांनो, ठिपके पुसणं घरच्यांचं काम आहे, आणि त्यात घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनीही हात लावावा. पण भिंतीतलं पाणी थांबवणं ही इमारत बांधणाऱ्याची आणि सांभाळणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणून पुढच्या वेळी कुणाच्या घरात काळी भिंत दिसली तर "स्वच्छता ठेवा" म्हणण्याआधी एवढंच विचारा, "पाणी कुठून येतंय?"